गाडीचे दिवे, डिकी आणि बोनेट

हेडलाइट डिपरवर असतानाही समोरून येणारे चालक दिव्यांची उघडझाप करून का खुणावतात? आसनगावहून रात्री कसाऱ्याकडे किंवा शहापूरमार्गे मुरबाडकडे भरलेल्या गाडीने जाणाऱ्या अनेकांना हा प्रश्न पडतो. बटण योग्य जागी असते, बल्बही ठीक असतात, तरी उजेड समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. याचे कारण पुष्कळदा डिकीत असते. मागे ओझे वाढले की गाडीचा पुढचा भाग उचलला जातो आणि रस्त्यावर पडणारा झोत समोरच्या काचेवर पडू लागतो.

दिवे, डिकी आणि बोनेट असे एकमेकांशी बांधलेले आहेत. डिकीतल्या वजनाने दिव्यांचा रोख बदलतो. चालू राहिलेल्या दिव्याने बोनेटखालची बॅटरी उतरते. वाटेत बोनेट उघडावे लागले, तर मागचे दिवे आणि डिकीतला परावर्तक त्रिकोण हेच गाडीचे संरक्षण असते. तिन्ही हाताळायला सोपे आहेत, मात्र ते गाडी उभी असतानाच तपासावे लागतात. धावत्या गाडीत त्यांतला दोष कळतो तेव्हा तो दुरुस्त करायला वेळ उरलेला नसतो.

१. कोणता दिवा कशासाठी

गाडीच्या दिव्यांची कामे दोन : चालकाला रस्ता दाखवणे आणि इतरांना गाडी दाखवणे. पहिले काम हेडलाइट आणि फॉग लाइट करतात. दुसरे काम टेल लाइट, ब्रेक लाइट, इंडिकेटर आणि पार्किंग लाइट करतात. मागे जाताना लागणारा पांढरा रिव्हर्स लाइट दोन्ही कामे करतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत दिवे लावणे बंधनकारक आहे. पाऊस किंवा धुक्यामुळे दिवसा नीट दिसत नसेल, तेव्हाही दिवे हवेत. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू होताच आपोआप लागतो. त्यामागचा उद्देश दुचाकी इतरांना दिसावी हाच आहे.

बऱ्याच नव्या मोटारींत पुढे दिवसा जळणारे पांढरे पट्टे असतात. इंजिन सुरू झाले की ते लागतात आणि डॅशबोर्डही उजळतो. त्यामुळे सगळे दिवे लागले आहेत असा समज होतो. बहुतेक गाड्यांत अशा वेळी मागचे लाल दिवे बंदच असतात. संध्याकाळी महामार्गावर अशी गाडी मागून येणाऱ्या ट्रकला दिसतच नाही. म्हणून अंधारू लागताच दिव्यांचे बटण स्वतः हेडलाइटच्या खुणेवर फिरवावे आणि डॅशबोर्डवर हिरवी खूण आली का, ते पाहावे.

आपोआप लागणाऱ्या हेडलाइटवरही पूर्ण विसंबू नये. त्यांचा सेन्सर अंधार ओळखतो. दिवसाचे पांढरे धुके त्याला उजेडच वाटतो आणि दिवे लागत नाहीत.

२. उजेडाची पोच आणि गाडीचा वेग

डिपरचा झोत खाली वळलेला असतो. त्यात साधारण ४० ते ६० मीटरपर्यंतचा रस्ता नीट दिसतो. अप्परमध्ये १०० मीटरच्या पुढचेही दिसते. गाडी किती वेगाने चालवावी, हे या अंतरावरून ठरवता येते.

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. रस्त्यात अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात २५ मीटर संपतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लागल्यावर थांबायला आणखी सुमारे २३ मीटर लागतात. एकूण ४८ मीटर. डिपरच्या उजेडात एवढे अंतर जेमतेम मावते. रस्ता ओला असेल तर हाच आकडा ६० मीटरच्या आसपास जातो. ताशी ८० किलोमीटर वेगाला कोरड्या रस्त्यावरही सुमारे ७४ मीटर लागतात. म्हणजे अडथळा दिसेपर्यंत गाडी थांबवण्याची संधी निघून गेलेली असते.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या रस्त्यांवर हे गणित फार महत्त्वाचे आहे. शेतावरून परतणारी माणसे, बिनदिव्याच्या सायकली आणि मोकळी गुरे अंधारात अचानक समोर येतात. मुंबईहून शिर्डीला पायी निघालेल्या साईभक्तांच्या पालख्याही शहापूरवरून जाणाऱ्या महामार्गाने कसारा घाट चढतात आणि उन्हाचा त्रास टाळण्यासाठी पहाटेच्या अंधारात चालतात. रस्ता मोकळा असेल तेव्हा अप्पर वापरणे योग्य आहे. समोरून वाहन येताना, दुसऱ्या वाहनाच्या मागे असताना, वस्तीत शिरताना किंवा पायी जाणारे दिसताच डिपरवर यावे.

समोरच्याने अप्पर बंद केला नाही म्हणून आपणही अप्पर लावला, तर एकमेकांकडे धावणाऱ्या दोन गाड्यांचे चालक आंधळे होतात. डोळे दिपल्यावर नजर सावरायला काही सेकंद लागतात. तीन सेकंद धरले तरी ताशी ६० च्या वेगाने गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. अशा वेळी वेग कमी करून नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवावी आणि समोरच्या दिव्यांकडे थेट पाहू नये.

३. धुके, पाऊस आणि बोगदा

पावसाळ्यात कसारा आणि माळशेज घाटांत ढग रस्त्यावर उतरतात. धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब. अप्परचा उजेड या थेंबांवर आपटून चालकाच्याच डोळ्यांकडे परततो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. डिपरचा झोत खाली असल्याने उजेड कमी परततो. फॉग लाइट त्याहून खाली बसवलेले असतात आणि त्यांचा झोत रुंद व चपटा असतो, त्यामुळे जवळचा रस्ता आणि कडा दिसतात. धुक्यात डिपर, फॉग लाइट आणि कमी वेग या तिन्हींची जोड हवी. काही गाड्यांना मागेही तीव्र लाल फॉग लाइट असतो. धुके विरताच तो बंद करावा, कारण तो मागच्या चालकाला दिपवतो आणि त्याच्या शेजारी ब्रेक लाइट ओळखू येत नाही.

धुक्यात किंवा मुसळधार पावसात चारही इंडिकेटर लावून गाडी चालवणे ही घाटात सर्रास दिसणारी चूक आहे. चारही इंडिकेटरांचा अर्थ ‘ही गाडी उभी आहे किंवा अडचणीत आहे’ असा आहे. ते चालू असताना वळण्याची खूण देता येत नाही. मागच्या चालकाला गाडी चालते आहे की थांबली आहे, हेही कळत नाही. जी गाडी खरोखर बंद पडून उभी असते, तिची खूणही या गर्दीत हरवते.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि शहापूरकरांच्या प्रवासात लांब बोगद्यांची भर पडली. बोगद्यात आत दिवे असले तरी शिरण्यापूर्वीच डिपर लावावा. भर उन्हातून आत येणाऱ्या डोळ्यांना अंधाराशी जुळवून घ्यायला क्षण लागतात आणि त्या क्षणांत पुढच्या गाडीचे लाल दिवेच दिसतात.

४. डिकीतले ओझे आणि दिव्यांचा रोख

हेडलाइट जमिनीपासून साधारण ६५ सेंटिमीटर उंच असतो. डिपरचा झोत दर मीटरला सुमारे एक सेंटिमीटर खाली उतरेल असा लावला, तर तो ६५ मीटरवर जमिनीला टेकतो. आता डिकीत पोती आणि मागच्या सीटवर तीन माणसे बसल्याने गाडीचा मागचा भाग चार सेंटिमीटर दबला असे समजू. पुढच्या आणि मागच्या चाकांत २४० सेंटिमीटर अंतर असेल, तर झोत दर मीटरला जवळपास १.७ सेंटिमीटर वर उचलला जातो. एक सेंटिमीटरचा उतार संपून वर ०.७ सेंटिमीटरचा चढ तयार होतो. झोत जमिनीकडे येतच नाही. ७० मीटरवर त्याची वरची कड सुमारे ११४ सेंटिमीटर उंचीवर असते. लहान मोटारीच्या चालकाचे डोळे जवळपास याच उंचीवर असतात.

यावर सोपा उपाय गाडीतच दिलेला असतो. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगच्या उजवीकडे ० ते ३ आकड्यांची एक छोटी चकती असते. गाडीत फक्त चालक असेल तेव्हा ती शून्यावर ठेवावी. मागे वजन वाढेल तसा आकडा वाढवावा, म्हणजे झोत खाली येतो. नेमका आकडा गाडीसोबतच्या पुस्तिकेत असतो. सामान उतरल्यावर चकती पुन्हा शून्यावर आणायला विसरू नये, नाहीतर स्वतःलाच रस्ता कमी दिसतो.

दिव्यांचा रोख घरीही तपासता येतो. सपाट जागेवर गाडी भिंतीपासून पाच मीटर अंतरावर उभी करून डिपर लावावा. उजेडाची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा सुमारे पाच सेंटिमीटर खाली दिसली पाहिजे. दोन दिव्यांच्या कडांत मोठा फरक दिसला, तर मेकॅनिककडून रोख नीट करून घ्यावा. चिखलाने माखलेली काच कितीही चांगल्या बल्बचा उजेड खाते, म्हणून पावसाळ्यात पुढच्या-मागच्या सर्व दिव्यांच्या काचा रोज पुसाव्यात.

५. डिकी भरणे आणि बंद करणे

डिकीत जड सामान तळाशी आणि मागच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवावे, हलके सामान वर ठेवावे. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर आतल्या सुट्या वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे १४ पट जोर येतो. २५ किलोचे तांदळाचे पोते अशा वेळी साडेतीनशे किलोच्या जोराने पुढे येते. पोते सीटला टेकलेले असेल तर सीट ते अडवते, दूर असेल तर ते वेग घेऊन आदळते. हॅचबॅक गाडीत मागच्या सीटच्या उंचीपेक्षा वर सामान रचू नये. मागची काच झाकली जाते आणि ब्रेक दाबताच वरची वस्तू प्रवाशांच्या डोक्यावर येते.

अनेक गाड्यांच्या डिकीत सीएनजीची टाकी असते. भरलेल्या टाकीतला दाब सुमारे २०० बार असतो. टाकीचा व्हॉल्व्ह सामानाखाली दबू देऊ नये, कारण गळती झाल्यास तो हाताने लगेच बंद करता आला पाहिजे. टाकीवर जड वस्तू टाकू नये. दर तीन वर्षांनी होणारी टाकीची दाबचाचणी चुकवू नये. गॅसचा वास आला तर इंजिन बंद करून सर्वांनी उतरावे, दारे आणि डिकी उघडी ठेवावी, दिव्यांची बटणे दाबू नयेत. पेट्रोलचा कॅन किंवा घरगुती गॅसचा सिलिंडर बंद डिकीत नेणे धोक्याचे आहे. दोन्हींचे वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतात आणि एका ठिणगीने पेट घेतात.

सामान मोठे आहे म्हणून डिकी दोरीने बांधून अर्धी उघडी ठेवणे टाळावे. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर उघड्या डिकीतून आत ओढला जातो. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. प्रवाशांना गुंगी येते आणि कारण कळत नाही. शिवाय डिकीच्या झाकणावर बसवलेले दिवे आणि नंबरप्लेट वर वळतात आणि मागच्याला दिसत नाहीत.

डिकी बंद करण्यापूर्वी किल्ली हातात आहे का आणि लहान मुलांचे हात दूर आहेत का, हे पाहावे. झाकण बंद झाल्यावर एकदा वर ओढून खात्री करावी. झाकण उचललेले राहत नसेल, तर त्याला आधार देणारे गॅसचे दांडे निकामी झालेले असतात. काठी लावून काम चालवण्यापेक्षा ते बदलावेत. उभ्या गाडीची डिकी नेहमी कुलूपबंद ठेवावी. खेळता खेळता मूल आत अडकले, तर उन्हात त्याच्या जिवावर बेतते.

६. चालू राहिलेला दिवा आणि उतरलेली बॅटरी

आसनगाव स्टेशनजवळ सकाळी गाडी लावून लोकलने मुंबईला जाणारे संध्याकाळीच परततात. प्रवासाचे आणि कामाचे तास धरले तर गाडी बारा तास उभी राहते. लहान मोटारीच्या बॅटरीची क्षमता ३५ अँपिअर-तास धरू, म्हणजे ती एक अँपिअर वीज ३५ तास देऊ शकते. ५५ वॉटचे दोन हेडलाइट आणि सोबतचे छोटे बल्ब मिळून १४० वॉट होतात. १२ व्होल्टला ही वीज सुमारे १२ अँपिअर होते. बॅटरी तीन तासांत रिकामी होते आणि स्टार्टर फिरवण्याची ताकद त्याआधीच संपते. नुसते पार्किंग लाइट राहिले तरी सुमारे ३० वॉट, म्हणजे अडीच अँपिअर. बारा तासांत ३० अँपिअर-तास खर्च होतात. डिकी नीट लागली नाही आणि आतला ५ वॉटचा बल्ब जळत राहिला, तर एका दिवसाने फारसे बिघडत नाही. मात्र शुक्रवारी संध्याकाळी लावलेली गाडी सोमवारी सकाळी सुरू होणार नाही.

बॅटरी उतरलीच, तर दुसऱ्या गाडीच्या मदतीने जंपर केबल लावून इंजिन सुरू करता येते. त्याचा क्रम पाळावा. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावी. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटी बंद गाडीच्या इंजिनवरील रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावी. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ पेटणारा हायड्रोजन असू शकतो, म्हणून हे अंतर ठेवायचे. इंजिन सुरू झाल्यावर केबल उलट क्रमाने काढाव्यात.

७. बोनेटचे दोन खटके

बोनेट दोन टप्प्यांत उघडते. डॅशबोर्डखालची दांडी ओढली की पहिला खटका सुटतो आणि बोनेट दोन-तीन सेंटिमीटर वर येते. दुसरा खटका पुढच्या फटीत असतो. बोटांनी तो सरकवल्याशिवाय बोनेट उचलले जात नाही. पहिला खटका चुकून सुटला तरी वाऱ्याने बोनेट उघडू नये, यासाठी हा दुसरा आहे. आधाराची दांडी तिच्या ठरलेल्या खाचेतच अडकवावी. घाटात वारा जोराचा असतो, म्हणून दांडी बसल्याची खात्री होईपर्यंत बोनेट हाताने धरून ठेवावे.

बंद करताना दांडी जागी बसवून, आत फडके किंवा पाना राहिला नाही हे पाहून, बोनेट सुमारे एक फुटावरून सोडून द्यावे. मधोमध हाताने दाबल्यास पत्रा वाकतो. मग पुढची कड उचलून पाहावी. ती हलली, तर बोनेट फक्त दुसऱ्या खटक्यावर अडकलेले आहे.

धावताना बोनेट उघडून काचेवर आपटले, तर एकदम ब्रेक दाबू नये. चारही इंडिकेटर लावावेत, बोनेटखालच्या फटीतून किंवा बाजूच्या खिडकीतून रस्ता पाहत वेग हळूहळू कमी करावा आणि डाव्या कडेला यावे.

८. तापलेल्या इंजिनाजवळ

घाट चढताना तापमानाचा काटा वर जाऊ लागला तर एसी बंद करावा. काटा लाल खुणेवर गेला किंवा वाफ दिसली, तर कडेला थांबून इंजिन बंद करावे. वाफ ओसरेपर्यंत बोनेट उघडू नये आणि अर्धा तास तरी कूलंटच्या झाकणाला हात लावू नये. आतले पाणी प्रेशर कुकरमधल्या पाण्यासारखे दाबाखाली असते आणि १०० अंशांच्या वर तापलेले असते. झाकण सैल होताच दाब सुटतो, पाणी क्षणात उकळते आणि तोंडा-हातांवर उडते. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतल्यास धातूला तडे जाऊ शकतात.

रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो. ओढणी, पदर, मोकळे केस आणि लोंबणारे कपडे त्यापासून दूर ठेवावेत. विजेवरच्या किंवा हायब्रिड गाडीत नारिंगी रंगाच्या केबलना कधीही हात लावू नये, त्यांत घातक दाबाची वीज असते.

बोनेटखालून ज्वाळा किंवा जळका धूर येत असेल, तर बोनेट उघडू नये. उघडताच आत हवा शिरते आणि आग भडकते. सर्वांना दूर नेऊन ११२ वर फोन करावा.

भातशेतीच्या गावांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. पावसाने बिळे भरली की उंदीर कोरड्या, उबदार इंजिनाचा आसरा घेतात आणि वायरी कुरतडतात. त्यांच्या मागे सापही येतो. गाडी पेंढ्याच्या उडवीजवळ लावू नये. सकाळी सुरू करण्यापूर्वी बोनेटवर थाप मारावी, म्हणजे आतले मांजर किंवा उंदीर बाहेर पडते. साप दिसल्यास हात न घालता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा गावातल्या सर्पमित्राला कळवावे.

९. रस्त्यात थांबावे लागल्यास

बंद पडलेली गाडी शक्य तितकी डावीकडे, वळणापासून दूर घ्यावी. प्रथम चारही इंडिकेटर लावावेत आणि अंधार असेल तर पार्किंग लाइटही. प्रवाशांना डाव्या दारांनी उतरवून कठड्यापलीकडे उभे करावे. नंतर डिकीतला परावर्तक त्रिकोण काढून गाडीच्या मागे किमान ५० मीटरवर, म्हणजे साधारण सत्तर पावलांवर ठेवावा. वळण असेल तर तो वळणाच्या आधी ठेवावा, कारण वळणापुढचा त्रिकोण दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्रिकोण ठेवायला जाताना रस्त्याच्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे पाहत चालावे. दिवे झाकणावर असतील तर डिकी लगेच बंद करावी. बोनेट या सगळ्यानंतर उघडावे. गाडीच्या मागे किंवा दोन गाड्यांच्या मध्ये कोणी उभे राहू नये. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते.

हे सगळे वेळेवर करता यावे, यासाठी त्रिकोण, टॉर्च, जंपर केबल आणि स्टेपनीची अवजारे सामानाखाली न गाडता डिकीत सर्वांत वर, हाताला लागतील अशी ठेवावीत.